तेर हुसिकांनी अडवलेली द्राक्षं

आर्मेनियातल्या अश्तराकजवळच्या एका गावात मेरीमातेच्या सणाला धर्मगुरूंनी द्राक्षांना आशीर्वाद देईपर्यंत एक मणीही कुणी तोंडात टाकत नसे. गांधीलमाश्या खात, चिमण्या खात. माणसं तेवढी वाट बघत. गावचे धर्मगुरू हुसिक, ज्यांना गाव मानाने 'तेर' म्हणे, त्यांनी नेमकी हीच नस पकडली.

देवळामागे स्वतः चिखल तुडवून त्यांनी शाळा उभारली होती. मुलगे आले, मुलगी एकही नाही. तीन वर्षं त्यांनी उंबरे झिजवले. आया म्हणायच्या, पोरी आर्मेनियन अक्षरं गिरवत बसल्या तर गालिचे काय तेर विणणार? शेवटी ऐन सणाला, द्राक्षांची ताटं वेदीपुढे मांडलेली असताना, त्यांनी प्रार्थनेचं पुस्तक मिटलं. घराघरातली मुलगी शाळेत आली की मगच आशीर्वाद, असं सांगून ते निघून गेले.

चार दिवसांत गाव वाकलं. एकच घर राहिलं, ओहान बागवानाचं. चाळीस वर्षं वेली जोपासलेला ओहान अंथरुणाला खिळला होता. त्याचं सगळं त्याची मुलगी नाझेली करी. गावाच्या शिव्या खाऊन त्याची बायको सानाम पदरात घड घेऊन तेरांकडे आली.

"एक मणी मागतोय, तेर. बाकी काही घशाखाली उतरत नाही."

"मुलगी पाठव."

"मग त्याला कुशीवर कोण वळवणार? माझा हात लुळा आहे, दिसतोय ना तुम्हाला?"

"आज एकीला सोडलं, तर उद्या चाळीसजणी घरी बसतील."

"मग तसाच देते त्याला."

"दे की," तेर शांतपणे म्हणाले. ओहान तोंड उघडणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ओहानने ओठ घट्ट मिटले. तिसऱ्या दिवशी तो गेला.

आठवड्याने नाझेली शाळेत आली. त्या रविवारी आशीर्वाद झाला. सानामखेरीज सगळ्या गावाने दाढ्या भिजेस्तोवर द्राक्षं खाल्ली.

नाझेली सगळ्यांत हुशार निघाली. ईस्टरला तेरांनी पाटीवर मनातलं एक वाक्य लिहायला सांगितलं. तिने लिहिलं, 'बापाने द्राक्ष मागितलं होतं.'

तेरांनी पाटी हातात घेऊन वाचली.

"अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले. "आता मोठ्याने वाच."

तिने वाचलं. चाळीसजणींनी ऐकलं.

पुढच्या सणाला गावाबाहेरच्या वरच्या वाडीचीही ताटं वेदीपुढे आली. तिथल्या नऊ मुली अजून घरीच होत्या. तेरांनी पुस्तक मिटलं.