चूलबंद आवतण

तमाम मराठी जनतेस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, मुळशी तालुक्यातल्या एका टेकडीवर, चार इमारतींच्या आमच्या सोसायटीत, मराठी भाषा अद्याप जिवंत आहे. ती दगावू नये म्हणून एक सद्गृहस्थ रोज सकाळी लिफ्टमध्ये उभे राहून पहारा देत असतात. ज्यांना ऑफिसला वेळेवर पोहोचायचं असेल त्यांनी कृपया जिना वापरावा.

हे सद्गृहस्थ म्हणजे सोसायटीचे अध्यक्ष. बँकेतून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचे. "आम्ही पेठेतले," हे वाक्य ते नाव सांगण्याआधी सांगायचे. मी वर्ध्याकडचा. बावधनमध्ये घर परवडलं नाही म्हणून घाट चढून इथे आलेला. आमची पहिली भेट लिफ्टमध्येच झाली. मी म्हणालो, "डोयात काही गेलं वाटते." त्यांनी माझ्या डोळ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "डोळा," ते म्हणाले. "ळ. जीभ मागे वळवा. पुन्हा म्हणा."

पाचव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत मी जीभ मागे वळवत उतरलो आणि त्याच क्षणी ठरवलं की या माणसाशी आपलं आयुष्यभर वैर. मला भांडण आवडतं. बायको म्हणते, काही लोकांना दुपारी झोप लागते तसं मला भांडण लागतं.

मग सुरू झालं. मी 'चव' म्हटलं की ते म्हणत, "तुमचा च हिंदीतून आलाय. चव म्हणताना च दातांवर यायला हवा. टाळूवर नको." मी 'चमचा' म्हटलं तर दोन वेळा थांबवत, कारण त्यात च दोनदा. पार्किंगच्या पाटीवर त्यांनी 'वाहनतळ' असं रंगवून घेतलं आणि लिफ्टवर 'उद्वाहक'. एका डिलिव्हरीवाल्याने तो शब्द वाचून, हे एखादं देऊळ असावं असं समजून, बाहेर चपला काढल्या होत्या.

मग मीही शस्त्रं परजली. रात्री जेवणानंतर शब्दकोश घेऊन बसायचो आणि सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचो. "अध्यक्षांच्या खिशातली चावी पोर्तुगीज आहे. बाथरूममधली बादली पोर्तुगीज. काल त्यांच्याकडे शिजला तो बटाटाही पोर्तुगीजच. बँकेने त्यांना आयुष्यभर जो दिला तो पगारसुद्धा. माणूस पोर्तुगालचा की पेठेतला, याचा खुलासा व्हावा." त्यावर ते लिहीत, "खोडसाळपणा थांबवावा." मी लिही, "थांबवतो. तक्रार करायची असेल तर मात्र करू नका, तो शब्द अरबी आहे. मुळात अर्थ आहे पुन्हा पुन्हा तेच करणं, आणि ते तुम्ही करताच."

हे असं आमचं सुखात चाललं होतं. त्यात रस्ता आला.

आमची सोसायटी टेकडीवर, आणि मुख्य रस्त्यावरून वर येणारी वाट एका शेतकऱ्याच्या जमिनीतून. बिल्डरने त्यांच्याशी तोंडी बोलणं केलं, इमारती विकल्या आणि तो दिसेनासा झाला. तेव्हापासून आमच्या गाड्या, शाळेच्या बस आणि पाण्याचे टँकर त्या माणसाच्या मर्जीवर वर येतात. गाव त्यांना अण्णा म्हणतं. अण्णांना आम्ही आवडत नव्हतो, आणि का आवडावं? आम्ही त्यांच्या बांधावर कचरा टाकला होता, त्यांच्या कुत्र्यावर पोलिसांत अर्ज दिला होता आणि त्यांच्या पहाटेच्या आरतीला ध्वनिप्रदूषण म्हटलं होतं. मी ग्रुपवर लिहिलंही होतं, "रस्ता फारसी, मालक अरबी, हक्क अरबी. आपल्या मातीतलं म्हणाल तर फक्त भांडण." मला वाटलं, लोक हसतील. दोघांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली.

तर या अण्णांनी नवं घर बांधलं आणि वास्तुशांतीचं जेवण ठेवलं. एका संध्याकाळी ते टोपी घालून, शर्टाची वरची गुंडी लावून, आमच्या गेटवर आले. मी तिथेच होतो. अध्यक्ष फेऱ्या मारत होते.

"ऐतवारी वास्तुक हाय," अण्णा म्हणाले. त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. आईने पाठवलं म्हणून आल्यासारखे उभे होते. "समद्या सोसायटीला चूलबंद आवतान."

"आमंत्रण," अध्यक्ष म्हणाले.

"आँ?"

"आवतान नव्हे. शब्द आमंत्रण असा आहे."

अण्णांनी त्यांच्याकडे पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तुमच्यात तसं म्हंत्यात का? म्हना. पर या. आमची म्हातारी वाट बघतीया." आणि वळून उतरणीला लागले.

आता इथे मला वाचकांना थोडं शिकवायला हवं. आवतण हे आमंत्रणाचंच लेकरू आहे. संस्कृतातून निघालं, पायी चालत गावात आलं, वाटेत त्याचे म आणि त्र झिजले. अध्यक्षांनी मुलाला हाकलून त्याच्या बापाला दारात उभं केलं होतं, इतकंच. पण चूलबंद हा शब्द त्यांनी ऐकलाच नव्हता. आमच्या वर्ध्याकडेही ही रीत आहे. असं आवतण मिळालं की त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटत नाही. म्हातारे, तान्ही, आलेले पाहुणे, सगळे जेवायला जातात. घरातल्या एकट्याने जाऊन आहेर देऊन येणं हा अपमान. आणि घरातून धूर निघाला तर त्याहून मोठा.

मी हे अध्यक्षांना तिथल्या तिथे सांगितलं. "साहेब, चूलबंद म्हणजे घरी चूल पेटवाचीच नाही. सगळ्याइले जा लागते."

"तुम्ही आधी चूल नीट म्हणायला शिका," ते म्हणाले. "च दातांवर."

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर त्यांची सूचना आली. यजमानांवर भार पडू नये, यास्तव प्रत्येक इमारतीतून एक प्रतिनिधी उपस्थित राहील. मी खाली लिहिलं की ही चूक होत आहे. त्यांनी 'चूक'मधल्या च वर एक टीप लिहिली.

रविवारी चार प्रतिनिधी एक पुष्पगुच्छ घेऊन खाली गेले. पाचवे आम्ही, घरातले सगळे, न सांगता. मंडप भरगच्च होता, पण आमच्या सोसायटीसाठी घातलेल्या पंगतीच्या पट्ट्या रिकाम्या पसरल्या होत्या. पत्रावळी मांडलेल्या, त्यांवर मीठ वाढलेलं. मंडपाच्या तोंडाशी अण्णांची आई खुर्चीवर बसली होती, नव्या लुगड्यात. तिला कमी दिसायचं, पण ऐकू चांगलं यायचं.

आणि मग मोटारसायकली यायला लागल्या. पाठीवर मोठाल्या चौकोनी पिशव्या. रविवार दुपार, टेकडीवरच्या लोकांनी पिझ्झा आणि बिर्याणी मागवली होती. वाटेवर मंडपाने अर्धी जागा खाल्लेली, त्यामुळे प्रत्येक जण म्हातारीपाशी थांबायचा. "आजी, सोसायटी किधर है?"

तिसऱ्याला हात दाखवताना तिच्या नाकात बिर्याणीचा वास गेला. मग लेकाला हाक मारली.

"ह्या समद्यांच्यात कुनी मेलंय का रं?"

"न्हाई, आये."

"मग घरात चूल का पेटना? भाईरून कशापाई येतंय जेवान?"

ज्या घरी मयत होतं त्या घरी चूल पेटत नाही, शेजारीपाजारी जेवण नेऊन देतात. म्हातारीचा प्रश्न सरळ होता. तिला खरंच काळजी वाटत होती. हातातली लापशीची बादली अण्णांनी खाली ठेवली आणि वर आमच्या बाल्कन्यांकडे बघत उभे राहिले. त्यांचं ते बघणं पाहून मी बायकोला म्हटलं, "उद्याचं पाणी आजच भरून ठेव."

सोमवारी सकाळी वाटेच्या अरुंद वळणावर ट्रॅक्टर आडवा. मागे दगडांची ट्रॉली. खाली टँकर हॉर्न वाजवत होता, वर ऑफिसला निघालेल्या गाड्यांची रांग. अण्णा ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून तंबाखू मळत होते.

अध्यक्ष पुढे झाले. मी त्यांच्या अगदी मागे. असला खेळ पहिल्या रांगेतून बघायचा असतो.

"आपण हा मार्ग अवरुद्ध केला आहे," अध्यक्ष म्हणाले.

"काय केलाय?"

"अवरुद्ध."

"आमी ट्रॅक्टर लावलाय," अण्णा म्हणाले.

"याचे परिणाम गंभीर होतील. आम्ही कायदेशीर मार्गाने जाऊ."

"जावा की. त्यो मार्ग कुटनं जातो? माज्याच रानातनं."

मागे कोणीतरी हसलं. तो मी होतो. अध्यक्षांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि त्या नजरेत ळ, च, सगळं होतं.

"तुम्हाला नेमकं हवं काय?" त्यांनी विचारलं. "भरपाई?"

अण्णा मडगार्डवरून उतरले. आता आवाज चढला. "पैसं दावता का मला? माजी आय दोपारपातुर उपाशी बसली हुती, तुमच्यापाई! समदी जेवल्याबिगर यजमानीन जेवत न्हाई आमच्यात. आन् तुमी खोकी मागवता? तिच्या डोळ्यासमोरनं?"

टँकरवाल्याने हॉर्न थांबवला.

"उद्या पुन्हा जेवान हाय," अण्णा म्हणाले. "चूलबंद. ह्या खेपंला आवतान मी देनार न्हाई. ज्यानं मोडलं त्यानं द्यायचं. दारोदार. आन् शेवटचं मानूस हात धुईपातुर ट्रॅक्टर हलत न्हाई."

अध्यक्ष "अशक्य" म्हणाले. संध्याकाळपर्यंत टाक्या कोरड्या पडल्या आणि ते शक्य झालं. ते एकेक दार वाजवत गेले. मी त्यांच्या मागे होतो, साक्षीदार म्हणून, असं मी सांगितलं. पहिल्या मजल्यावर ते म्हणाले, "उद्या भोजनाचे आमंत्रण आहे." लोक म्हणाले, "किती वाजता ऑर्डर करायचंय?" दुसऱ्या मजल्यावर म्हणाले, "उद्या कोणी स्वयंपाक करू नये." लोक म्हणाले, "पाणीच नाहीये, कसला स्वयंपाक?" तिसऱ्या मजल्यावर घामाने निथळत, माझ्याकडे न बघता, ते म्हणाले, "चूलबंद आवतण आहे. सगळ्यांनी यायचंय." आणि च दातांवर इतका अचूक आला की मला क्षणभर माणूस आवडला. मग माझ्या दारात आल्यावर त्यांनी माझ्या 'आलो'तल्या आ ला नावं ठेवली, आणि प्रेम ओसरलं.

मंगळवारी सगळी टेकडी खाली उतरली. सुट्ट्या टाकून, लेकरं कडेवर घेऊन. अण्णांनी अध्यक्षांना मधोमध बसवलं आणि स्वतः वाढायला घेतलं. आमच्याकडे आग्रह हा प्रेमाचा प्रकार मानतात. तो सूड घ्यायलाही वापरता येतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. लापशीवर लापशी. भातावर भात. "घ्या की अध्यक्षसायेब, का भार व्हतोय यजमानावर?" अध्यक्ष प्रत्येक वेळी "पुरे, आभारी आहे" म्हणत होते, आणि प्रत्येक "आभारी आहे"वर अण्णा आणखी एक पळी ओतत होते. म्हातारी खुर्चीवरून कान लावून होती. ट्रॅक्टरची किल्ली अण्णांच्या बंडीच्या खिशात दिसत होती. ते ती काढतील असं त्यांच्या चेहऱ्यावरून मुळीच वाटत नव्हतं.

मग कढईतून नुकतीच काढलेली, लालभडक तवंगाची आमटी आली. अध्यक्षांनी पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरले. अण्णांनी पळी थांबवली नाही.

पुढचं अर्धं मिनिट असं गेलं. आधी सगळी पंगत थांबली. अध्यक्षांच्या बायकोने कपाळाला हात लावला, जसं काही वर्षानुवर्षं झाकून ठेवलेलं भांडं तिच्यासमोर फुटलं होतं. मग म्हातारी हसायला लागली. दात नसलेली माणसं हसतात तशी, सगळ्या अंगाने. "आरं, हा तर आपल्याकडचाच हाय!" ती म्हणाली. "कुंच्या गावचं रं तू?" आणि अध्यक्षांनी, मान खाली घालून, घाटापलीकडच्या एका वाडीचं नाव सांगितलं. अण्णांनी किल्ली काढली आणि पुतण्याकडे फेकली. टँकर वर गेल्याचा आवाज आम्ही मंडपातूनच ऐकला.

पेठेतल्या माणसाच्या तोंडून, दोनशे जणांसमोर, कोणाच्याही दुरुस्तीविना जे वाक्य बाहेर पडलं होतं ते असं:

"आरं मुडद्या, हात पोळला की रं माजा!"