सरांच्या डोळ्यांदेखत

नातवंडांना मी फार शहाणी वाटते, म्हणून हे सांगून टाकते: तरुणपणी मी आमच्या सरांना टकल्या म्हटलं, आणि तेही त्यांच्या डोळ्यांसमोर लिहून.

आमच्या कॉम्प्युटर सेंटरमधले सगळे पडदे एकाच मशीनला जोडलेले होते. आपण एक ओळ टाइप केली की ती दुसऱ्याच्या पडद्यावर, त्याच्या कामाच्या मधोमध उमटायची. कोपऱ्यात एक बाई बसायची. नंदनवन वस्तीतून सायकलने यायची, पदर खोचून, ओठ हलवत टाइप करायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही, निरोप मात्र तिला रोज धाडायची.

त्या दिवशी मान वर न करताच लिहिलं, 'टकल्या गेला का वं?' टकल्या तिच्या प्रोजेक्टवर सही करायला तिच्या मागेच उभा होता. सरांनी ओळ वाचली आणि पेन खिशात घातलं.

"कोण आहे ही?"

आमच्या बॅचचं लॉगिन एकच, त्यामुळे नाव दिसत नव्हतं. असले उद्योग करणारी मीच, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माहीत नाही, सर."

सही आठ दिवस लांबली.

दुसऱ्या दिवशी माझा निरोप गेलाच नाही. तिने आपला पडदा निरोपांना बंद केला होता. मी बावळट, उलट रुसले. शेवटी उठून तिच्याजवळ गेले.

"रागावली का वं?"

तिने बाजूची खुर्ची ओढून दिली.

"नाही वं. काही सांगाचं असन तं अशीच चालत येत जा. माह्या मांगं कोण उभं हाय, ते तुले येता येता दिसते."