जगदीशच्या कंप्युटरमधला राखीव कोपरा

भिसेगावात कुणाची हळद, कुणाचं बारसं, कुणाच्या पोराचा वाढदिवस, हे देवाच्या आधी जगदीशला कळतं. कारण बॅनर तोच बनवतो. टकलाला केस लावायचे, काळ्याला उजळवायचं, सुटलेलं पोट आत ढकलायचं, हा त्याचा हातखंडा. आपण खरे कसे दिसतो याचा निम्म्या आळीला विसर पडलाय, तो त्याच्याच कृपेनं. माणूस तसा पाण्यासारखा निर्मळ. फक्त ‘माझं चुकलं’ म्हणायची वेळ आली की दातखीळ बसते.

धाकटा भाऊ गजा पूर्वी याच दुकानात असायचा. चित्रं जगदीशची, मशीन गजाचं, अशी वाटणी. नवा कंप्युटर आला तेव्हा गजानंच तो लावला आणि डिस्कचा एक कोपरा वेगळा कापून काढला. चालत्या मशीनची जशीच्या तशी नक्कल त्यात कोंडून ठेवली.

“याला रिकव्हरी पार्टिशन म्हणतात, दादा. उद्या मशीन आडवं पडलं, तर हितनं उठवायचं.”

“येवढी जागा फुकट अडवलीस रं!”

“पोशीरला गावाकडं आपले आबा बियाण्याचं भात येगळ्या कणगीत ठेवायचे, ते काय फुकट? भूक लागली म्हणून हात लावायचा नाय त्याला.”

पुढं जगदीशच्या साईराजचा वाढदिवस आला. बॅनरवर मामा, मावशा, पोराचे क्रिकेटवाले दोस्त, सगळे बसवता बसवता सख्ख्या काकाला जागा उरली ती तळाच्या ओळीत. तेही खपलं असतं. पण बांधणाऱ्यानं खालची कड बांबूला गुंडाळली आणि नाक्यावर गजाचे फक्त केस उरले. आळीला तेवढंच हवं होतं. “काय गजाभाऊ, बुडालास का रं?” जो भेटेल तो हेच विचारी. गजानं येऊन भावाला विचारलं, “दादा, मुद्दाम केलंस?” जगदीश गप्प राहिला असता तरी चाललं असतं. तो म्हणाला, “बांबूला विचार.”

झालं. गजानं कुंभिवलीला हायवेच्या कडेला मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि बोलणं तोडलं. त्याला दुसरं वर्ष लागलं.

आणि एक दिवस जगदीशचा कंप्युटर निळा पडला. चालू केला की निळा, बंद केला की काळा. पोशीरच्या बायजाआत्याच्या नातवाची हळद तोंडावर आलेली, बॅनर अर्धा तयार. स्टेशनजवळचा दुरुस्तीवाला म्हणाला, “सगळं पुसून नव्यानं टाकू.” जगदीशनं मशीन उचलून परत दुकानात आणलं. तेव्हा कुठं त्याला तो राखीव कोपरा आठवला.

कोपरा जागा होता! मशीन उठलं, पण उठलं ते नक्कल केली त्या दिवशी होतं तसं. पडद्यावर दुकानाच्या उद्घाटनाचा फोटो, दोघे भाऊ एकाच हारात मान घालून दात काढतायत. त्याखाली पासवर्डाची चौकट. मधल्या काळात जगदीशनं बदललेला पासवर्ड मशीनला आता ठाऊकच नव्हता. त्याला हवा होता गजाचा जुना.

जगदीशनं जन्मतारखा टाकून पाहिल्या, कुलदैवत टाकून पाहिलं. मशीन आपलं ‘चुकीचा’ म्हणत राहिलं.

“अवो, भावजींना फोन लावा की,” त्याची बायको सुप्रिया म्हणाली.

“तू लाव.”

“मी नुसती वहिनी, तुमी त्यांचे सख्खे भाऊ. लावा मुकाट.”

लावला. पलीकडून आवाज आला, “कोण?” दादाचा नंबर गजाला पाठ होता, तरी.

“मी. मशीन बिघडलंय.”

“मोबाईल का? घेऊन या दुकानात.”

“कंप्युटर रं. तुझा पासवर्ड मागतोय.”

पलीकडं दुकानाचं शटर खाली ओढल्याचा आवाज आला. मग, “पासवर्ड फोनवर सांगत नसतात. येतो.”

गजा आला. वहिनीला म्हणाला, चहा नको, आणि दोन कप प्याला. एका हाताचा आडोसा करून, एटीएमवर म्हाताऱ्यानं करावा तसा, त्यानं पासवर्ड दाबला. मशीन उघडलं. कामं दुसऱ्या ड्राइव्हवर शाबूत आहेत का ते बघायला त्यानं समोर दिसली ती फाईल उघडली. जगदीश माऊसवर झेपावला, पण उशीर झाला.

पोशीरचा बॅनर होता तो. सगळ्यात वर नवरदेव. आणि त्याच्या शेजारी, त्याच्याहून दीडपट मोठा, गोरापान, गजा.

“अरं दादा, हळद लागणार हाय कुणाला? त्याला का मला?”

जगदीश कीबोर्डवरची धूळ पुसत बसला. “या खेपेला बांबूपासनं लांब ठेवलाय तुला,” एवढंच म्हणाला.

माऊस घेऊन गजानं स्वतःचा फोटो थोडा लहान केला. “नवरा तरी दिसू दे,” असं पुटपुटत तळाच्या ओळीतून जगदीशला उचललं आणि आपल्या शेजारी आणून चिकटवलं.

मग दोघांनी बसून त्या कोपऱ्यात नवी नक्कल भरली. निघताना गजानं विचारलं, “पासवर्ड काढून टाकू का? तुझा तू ठेव.”

“ऱ्हाऊ दे. तुझाच बरा हाय.”

तेव्हापासून भिसेगावात लाईट गेली की कंप्युटर बंद पडतो, उठताना गजाचाच पासवर्ड मागतो, आणि लाईट यायच्या आधी कुंभिवलीची मोटरसायकल दारात येऊन उभी राहते. दुकानाला एक इन्व्हर्टर घ्या, असं सांगून सुप्रिया थकली. जगदीश म्हणतो, बघू.