आम्ही यांच्या घरी जेवतो

श्रीकांतकाकांनी माझ्याकडे हात केला आणि कौन्सिलरबाईंना सांगितलं, "यू सी, वी ईट ॲट हर हाउस. नो प्रॉब्लेम ॲट ऑल."

आम्ही यांच्या घरी जेवतो. काहीच प्रॉब्लेम नाही.

कौन्सिलरबाई गोऱ्या, साठीच्या, स्वभावाने गोड. त्यांना काय कळणार? "ओह, दॅट्स लव्हली," म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या.

मीही हसले.

काका बोलले ते बोलले. मी का हसले, हे मला अजून खुपतं.

रविवारची दुपार होती. हॅमिल्टनमधला एक कम्युनिटी हॉल. कौन्सिल, म्हणजे इथली महापालिका, भेदभावाविरुद्ध नवं धोरण लिहीत होती. वंश, धर्म, भाषा, अपंगत्व, अशी लांब यादी. कुणीतरी सुचवलं होतं की यादीत 'जात' हाही शब्द घाला. आमच्या मराठी मंडळाचा त्याला विरोध होता. काका मंडळाचे अध्यक्ष. पुण्याचे, इंजिनिअर, इथे येऊन पंचवीस वर्षं झालेली. त्यांचं म्हणणं, जात आपण मुंबईच्या विमानतळावर सोडून आलो, आता ती इथे कशाला आणता? सुनावणीत मंडळातर्फे तिघांनी बोलायचं ठरलं. काका, एक तरुण वकील आणि मी. प्रत्येकाला पाच मिनिटं.

मला वाटलं, माझं इंग्रजी बरं आहे. दुधाच्या लॅबमध्ये काम करते, रोज गोऱ्यांशी बोलते. म्हणून मला घेतलं असेल. खरं सांगते, जरा फुशारलेच होते.

माझी जात इथे कुणाला माहीत नव्हती. निदान मी तसं धरून चालले होते. सोलापूरकडची मी. आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळत नाही. "कुठले तुम्ही?" असं कुणी विचारलं की मी म्हणायची, "पुण्याच्या बाजूचे." बाजू किती लांब ते सांगायची नाही. निळ्या कोटातली तसबीर कपाटात, साड्यांच्या मागे. बुद्धाची मूर्ती मात्र हॉलमध्ये, कारण इथे निम्म्या घरांच्या बागेत बुद्ध असतो, गार्डन सेंटरमधून आणलेला. लोकांना वाटायचं, आमचाही तसाच. आईचा फोन आला की ती नमस्कार करायची ते आमच्या पद्धतीने, मोठ्या आवाजात. घरात कुणी आलेलं असलं की मी स्पीकर बंद करायची. आठ वर्षं मी आईचा आवाज दाबला.

माझ्या लेकीला, इराला, शाळेत पेपेहा लिहायचा होता. इथल्या माओरी लोकांची ओळख सांगायची ही पद्धत. माझा डोंगर हा, माझी नदी ही, माझे लोक हे. मी नदी सांगितली, सीना. डोंगर काही सापडेना, आमच्याकडे नुसता माळ. मग इराने विचारलं, "आई, व्हॉट डू आय पुट फॉर माय पीपल?"

"ते राहू दे," मी म्हणाले.

ती ओळ कोरीच राहिली. इरा पेपेहा तसाच वाचून दाखवून घरी आली.

काकांबद्दलही सांगायला हवं, नाहीतर ते कुणी राक्षस वाटतील. अमेरिकेच्या निवडणुकीचा निकाल इथे आमच्या बुधवारी दुपारी लागतो. तेव्हा काकांच्या घरी सगळे लॅपटॉप घेऊन जमले होते. नावाला वर्क फ्रॉम होम. टीव्हीवर नकाशा लाल-निळा होत होता आणि काका एकेक राज्य समजावून सांगत होते. इथे काळ्यांची मतं किती, इथे मेक्सिकोकडच्यांची किती, आणि इथे आपली. "मूठभर आहोत, पण मोजले जातो. म्हणून व्हाइट हाउसमध्ये दिवाळी होते," काका म्हणाले. मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. पहिल्या नोकरीत साहेबाने त्यांचं नाव उच्चारायला अवघड म्हणून परस्पर 'सिड' करून टाकलं होतं. अकरा वर्षं ते सिड होते. सांगताना त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. मी टाळ्या वाजवल्या.

पण त्याच अमेरिकेत एका शहराने 'जात' हा शब्द कायद्यात घातला तेव्हा हेच काका लालबुंद झाले. "आपल्यात फूट पाडायचं कारस्थान आहे हे." म्हणजे गोऱ्यांनी आपल्याला मोजावं. आपण आपल्यात बघायचं नाही.

सुनावणीच्या आदल्या दिवशी सकाळी काकांचा फोन आला. आवाजात साखर. "अगं, कमिटीत ठरलंय. यंदा गणपतीत पहिल्या आरतीचा मान तुमच्याकडे. जोडीने उभे राहा. कौन्सिलरबाईपण येतील, छान फोटो होईल."

"थँक्यू काका," म्हणून मी फोन ठेवला. भांडी घासायला घेतली आणि हातातलं भांडं हातातच राहिलं.

पहिल्या आरतीचा मान दरवर्षी वेगळ्या घराला. आमच्यानंतर चार वर्षांनी आलेल्यांनाही मिळून गेला होता. आम्हाला आठ वर्षांत नाही. मला कधी प्रश्न पडला नाही, कारण मला तो नकोच होता. मी बौद्ध. गणपतीला जायचे ते लपण्यासाठी आणि इराच्या लेझीमसाठी. पण म्हणजे यादी होती. यादी करणारे होते. आणि त्यांना माझी जात पहिल्यापासून माहीत होती.

मग एकेक आठवायला लागलं. काकूंनी दुसऱ्याच भेटीत विचारलेलं, "माहेरचं नाव काय गं तुझं?" आणि नंतर, "लग्न कुठल्या पद्धतीने झालं?" मी टाळलेलं. टाळलं यातच त्यांना उत्तर मिळालं होतं.

आणि इथे जात नाही हे सांगायला त्यांना माणूस हवा होता. त्यांनी बरोबर मलाच शोधलं. जात माहीत नव्हती, तर शोधलं कशावरून?

मी ओट्याला धरून उभी राहिले. लाज वाटली, संताप आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचाच राग आला. नवरा म्हणाला, "नको पडूस यात. इराच्या सगळ्या मैत्रिणी मंडळातल्या आहेत." बरोबर होतं त्याचं. रात्रभर तेच डोक्यात होतं.

सुनावणीत काका बोलले, ते जेवणाचं वाक्य त्यातलंच. वकील बोलला. मग माझं नाव पुकारलं. हातात मंडळाने टाइप करून दिलेला कागद होता.

मी म्हणाले, "या कागदात लिहिलंय की इथे कुणाला कुणाची जात माहीत नाही. मी आठ वर्षांत माझी जात कुणालाही सांगितलेली नाही. तरी जात नाही असं सांगायला इतक्या घरांतून त्यांनी मला निवडलं. त्यांना कसं कळलं, ते त्यांना विचारा."

टेबलाच्या टोकाला एक माओरी कौन्सिलर बसले होते. त्यांनी चष्मा काढला. "हू आर योर पीपल?" त्यांनी विचारलं.

हाच प्रश्न. आयुष्यभर ज्याला घाबरले तोच. पण तो असाही विचारता येतो हे मला माहीत नव्हतं.

मी गावाचं नाव सांगितलं. नदीचं सांगितलं. म्हणाले, "आम्ही महार होतो. गावाबाहेर राहायचो. माझ्या आजोबांनी धर्म सोडला. आम्ही बौद्ध आहोत." घंटा वाजली. पाच मिनिटं झाली होती.

कार पार्कमध्ये काकूंनी गाठलं. डोळ्यांत पाणी. "अगं, आम्ही तुला कधी परकं मानलं? तुझ्या घरी येऊन जेवलो की आम्ही!"

"काकू, मीपण तुमच्या घरी जेवले," मी म्हणाले. "ते मी कुणाला सांगत फिरले नाही."

मी गाडी काढली.

मला मंडळाच्या ग्रुपमधून कुणी काढलं नाही. फक्त माझ्या मेसेजखाली आता कुणी काही लिहीत नाही. आरतीचा मान दुसऱ्या घरी गेला. इराच्या जिवलग मैत्रिणीचा वाढदिवस झाला, फोटो बघून कळलं. इरा दार आपटून खोलीत गेली. "यू रुइन्ड एव्हरीथिंग," म्हणाली. मी दाराबाहेर बसून राहिले. नवरा मला दोष देत नाही, पण बोलतही नाही फारसं.

कौन्सिलचं अजून ठरायचंय. नव्या मसुद्यात तो शब्द नाही. समाजात एकमत नसल्यामुळे, असं पत्रात लिहिलंय. समाज म्हणजे कोण, ते लिहिलेलं नाही. पुन्हा सुनावणी आहे.

काल संध्याकाळी मी सुनावणीत बोलण्यासाठीचा फॉर्म भरायला बसले. तेवढ्यात आईचा फोन आला. स्पीकर चालूच ठेवला. तिने नमस्कार केला, मीही केला, तिच्याइतक्याच मोठ्याने. इरा खोलीतून बाहेर येऊन माझ्या पाठीमागे उभी राहिली. मी काय लिहितेय ते वाचत होती.

फॉर्मवर एक रकाना असतो, कुणाच्या वतीने बोलणार? मागच्या वेळी तिथे काकांनी मंडळाचं नाव घातलं होतं. या वेळी मी आमच्या लोकांचं घातलं. त्यांनी 'जात' हा शब्द कितीदाही गाळला तरी मी परत घाला म्हणीन. जितक्या वेळा सुनावणी लावतील तितक्या वेळा पाच मिनिटं मागीन. आणि आता त्यांच्यासमोर हसणार नाही.