मीनाच्या व्हिसाची फाईल

लोकांच्या घरी लग्न झालं की अल्बम जमतो. आमच्याकडे फाईल जमली. ती जसजशी फुगत गेली तसतसे किस्सेही जमत गेले, आणि आता पाहुणे आले की चहा यायच्या आधी तेच मागतात. ऐकताना सगळे हसतात. मी नाही हसत. त्या फाईलमधला कागदन् कागद मी टाईप केलाय, माझ्या बोटांना विचारा!

तर मीना म्हणजे माझी नणंद. आमच्या मुलुंडच्याच एका कारखान्यात स्टेनो होती. तिथे मशीन बसवायला परदेशातून एक इंजिनिअर आला, पीटर. मशीन बसायला सात महिने लागले, तेवढ्यात या दोघांचं जमलं. देशाचं नाव सांगत नाही, मीनाकडे जायला मलाही कधीतरी तिथला व्हिसा लागेल.

पीटरला त्याच्या कंपनीने तिकडे जोडप्याचं घर देऊ केलं होतं. अट एकच, मार्चअखेर बायको तिथे हजर पाहिजे, नाहीतर घर दुसऱ्याला. आणि बायकोच्या व्हिसाला सहा महिने तरी लागणार. म्हणजे लग्न लवकर उरकायचं, कागद लवकर लावायचे. इतका सरळ हिशोब. पण सरळ गोष्ट सरळ होऊ दिली तर आमचं घर कसलं!

* * *

रजिस्टर लग्नाची नोटीस तीस दिवस ऑफिसच्या बोर्डावर लागते. पीटर मेअखेर नोटिशीवर सही करून मायदेशी गेला. तळमजल्यावरचे साठेकाका कुठल्याशा कामाला त्या ऑफिसात गेले, बोर्ड वाचला आणि तडक आमच्याकडे आले. घाम पुसत माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "आक्षेप घ्यायला अजून बारा दिवस आहेत. घेऊ का?"

म्हणजे बघा, मुलगी यांची नाही, जावई यांचा नाही, आक्षेप मात्र यांचा! मी स्वयंपाकघरातून बाहेर येणारच होते, पण सासरे शांतपणे म्हणाले, "साठे, तुमच्या रेडिओवर आम्ही वीस वर्षं आक्षेप घेतला नाही. तुम्हीही राहू द्या."

* * *

ऑगस्टमध्ये पीटर अकरा दिवसांच्या रजेवर आला आणि रजिस्टर लग्न झालं. साक्षीदार मी, माझा नवरा आणि चेंबूरचे मामा. आता सासूबाई काय म्हणाल्या ऐका. "चातुर्मासात सह्या करायच्या तर करा. लग्न मी तुळशीच्या लग्नानंतर लावीन. तोपर्यंत जावई मामांकडे राहतील."

मी भांडले. म्हटलं, अहो आई, कायद्याने नवरा-बायको आहेत ती! तर म्हणाल्या, लोक काय म्हणतील, आणि एका खोलीत आपण पाच माणसं, त्यांना झोपवू कुठे? एक खोली आणि स्वयंपाकघर, हे काही खोटं नव्हतं. पण मी नवी नवरी होते तेव्हा आम्हाला स्वयंपाकघर मिळालंच होतं की!

शेवटी सासूबाईंचंच खरं झालं. पीटर रोज सकाळी चेंबूरहून यायचा, खुर्चीवर बसायचा, सासऱ्यांबरोबर चहा प्यायचा. मीना समोर. जेवून परत चेंबूर. आठव्या दिवशी त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "वहिनी, माझं लग्न नक्की मीनाशीच झालंय ना? मामांशी नाही?"

* * *

सप्टेंबरात मीनाची वकिलातीत मुलाखत झाली. साहेबाने विचारलं, लग्नानंतर तुम्ही दोघं एकत्र किती रात्री राहिलात? आमची मीना म्हणजे राजा हरिश्चंद्राची बहीण. म्हणाली, "झीरो."

साहेबाने पेन खाली ठेवलं. पंधरा दिवसांनी पत्र आलं की हे लग्न खरं असल्याबद्दल आमची खात्री पटलेली नाही. माझं डोकंच फिरलं. खोटं लग्न करणारा माणूस दहा सांगतो, वीस सांगतो आणि विमानात बसतो. खरं बोलली म्हणून आमची पोर खोटी! सासूबाईंना पत्र वाचून दाखवलं, तर त्यांनी ते माझ्या हातून घेऊन देवापाशी ठेवलं.

* * *

मग वकिलातीने पुरावा म्हणून दोघांची पत्रं मागितली. झेरॉक्स चालेल, पण प्रत्येक प्रतीवर गॅझेटेड ऑफिसरचा सही-शिक्का हवा. आता असा ऑफिसर आणायचा कुठून? दोन बिल्डिंग सोडून एक साहेब राहायचे, पशुसंवर्धन खात्यात. मीनाची पत्रं पीटरकडून मागवून मी सगळी छत्तीस घेऊन गेले. वाटलं, पाच मिनिटांचं काम.

साहेब म्हणाले, मी वाचल्याशिवाय सही करत नाही, तत्त्व आहे. तीन रविवार मोठ्याने वाचत होते! बाईसाहेब शेजारी बसून भाजी निवडत ऐकत होत्या. पीटरने लिहिलं होतं, तुझ्याशिवाय इथे जेवण गोड लागत नाही, त्याच्याखाली गोल शिक्का, पशुसंवर्धन, खरी प्रत. मीना हे ऐकून रडली. आणि गठ्ठा परत देताना साहेब मलाच सांगतात, "बाविसाव्या पत्रात मुलगी उगाच रुसलीय. तिला समजवा जरा."

* * *

डिसेंबरात पीटर पुन्हा रजा काढून आला आणि सासूबाईंनी मुहूर्त बघून लग्न लावलं. आपल्याकडे नवरीचं नाव बदलतात, नवरा ताटातल्या तांदळात नवं नाव लिहितो. मी आदल्या दिवशी हात जोडले होते, आई, नाव बदलू नका, कागदांत घोळ होईल. तर म्हणाल्या, "ताटात लिहायला काय जातं? उद्या त्याच तांदळाचा भात करायचा."

पीटरने बिचाऱ्याने रात्रभर गिरवून सुंदर अक्षरात 'पद्मजा' लिहिलं. फोटोग्राफरने फोटो काढला. माझ्या सासऱ्यांना तो इतका आवडला की त्यांनी फाईलमध्ये सगळ्यात वर लावला. वकिलातीत एक मराठी कारकून होता, त्याने वाचलं. झालं, पत्र आलं. आपल्या लग्नात आपले पती ज्यांचं नाव लिहीत आहेत त्या पद्मजा कोण, त्यांचा ठावठिकाणा कळवा!

मीना म्हणजेच पद्मजा, असं प्रतिज्ञापत्र मी तीन प्रतींत टाईप केलं. त्यात जानेवारी गेला. मार्च तोंडावर आला तशी मीना जेवेनाशी झाली. पीटरची पत्रंही लहान होत चालली होती.

* * *

फेब्रुवारीच्या शेवटी दुसऱ्या मुलाखतीचं बोलावणं आलं. घरातली एखादी मोठी व्यक्ती बरोबर आणा, असं त्यात लिहिलं होतं. सासूबाई म्हणाल्या, मी जाते. मी कागद सांभाळायला मागे उभी.

साहेबाने तोच प्रश्न काढला. डिसेंबरात ही दोघं एकत्र राहिली याला पुरावा काय? मीना फाईल उघडायला लागली. सासूबाईंनी तिचा हात धरला आणि त्या मराठी कारकुनाकडे वळल्या.

"साहेबाला सांगा, ऑगस्टात मी यांना वेगळं ठेवलं. ती चूक माझी, पोरीची नाही. डिसेंबरात नऊ रात्री घर या दोघांना दिलं आणि आम्ही चौघं गच्चीवर झोपलो. सगळ्या बिल्डिंगने बघितलंय. हिच्या बाबांचा खोकला अजून गेलेला नाही. आणि एवढं करून ही दोघं एकत्र राहिली नसतील, तर साहेबाला म्हणावं तुम्ही थांबा, आधी मी विचारते!"

मीनाने पदरात तोंड लपवलं. साहेबाने कारकुनाकडे बघून विचारलं, बाई काय म्हणतायत?

कारकून म्हणाला, "शी सेज येस, सर."