भोंगाताईने निवडलेला कर्णा

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे भोंगाताई म्हणत, आणि ती या नावावर कधी रागावली नाही. रागवायचं तरी कशाला? लहानपणी ती गच्चीवरून भावांना जेवायला हाक मारायची, तर मैदानाच्या पार टोकाला खेळणारी शेजारपाजारची पोरंसुद्धा आपल्यालाच बोलावलं असं समजून घराकडे सुटायची. आवाज असा खणखणीत, की आई म्हणायची, हिला कानात सांगायला शिकवा कुणीतरी.

पुढे ती शिलाईच्या हॉलमध्ये सुपरवायझर झाली. वरच्या मजल्यावरचा तो लांबलचक हॉल, ओळीने मशिनं, आणि सगळी एकदम चालू झाली की पायाखालची फरशी थरथरायची. तिथे बाकीचे लोक खुणांनी बोलत. भोंगाताई कटिंगच्या टेबलापाशी उभी राहून "कॉलर उलटी लागतेय गं" म्हणायची आणि शेवटच्या ओळीतली बाई कॉलर उसवायला घ्यायची. म्हणूनच, कधी आग लागली तर मजला रिकामा करायचं काम कुणाकडे द्यायचं याचा विचारच करावा लागला नाही. दंडाला बांधायचा नारिंगी पट्टा तिच्याकडे आला आणि तिच्याकडेच राहिला.

मग तिच्या गळ्यात गाठ झाली. ऑपरेशन झालं, गाठ निघाली, पण आवाज गेला. उरला तो कागद चुरगळल्यासारखा खरखरीत, समोरच्याने कान पुढे केला तरच कळणारा. "जीव वाचला ना, आवाजाचं बघू," असं डॉक्टर म्हणाले होते. पुढे पुढे त्यांनी 'बघू' म्हणणंही सोडून दिलं.

कामाचं तिने निभावून नेलं. लांबून बोलायची ती आता प्रत्येक मशिनपाशी जाऊन खांद्यावर हात ठेवू लागली. "आता कळलं, सुपरवायझरला पायही असतात," असं कटिंगचे मास्तर म्हणाले तेव्हा तीसुद्धा हसली. पण आगीच्या सरावाच्या दिवशी तिची पुरती फजिती झाली. त्या दिवशी आग पुढच्या जिन्यात आहे असं धरायचं होतं आणि सगळ्यांनी मागच्या जिन्याने उतरायचं होतं. घंटा वाजली. बायका उठल्या आणि रोज संध्याकाळी जातात तशा सरळ पुढच्या जिन्याकडे निघाल्या. भोंगाताई स्टुलावर चढली, घसा फुटेस्तोवर ओरडली, दोन्ही हात हलवले. गर्दीतल्या एकीने हसून परत हात हलवला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी तिला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. खुर्ची पुढे सरकवली, पाणी दिलं आणि मग म्हणाले, "ताई, पट्टा मास्तरांकडे देऊ या. तुमच्यावर उगाच ताण नको."

"मास्तर अर्धा दिवस खाली गोदामात असतात," ती म्हणाली. साहेबांना टेबलावर वाकून ऐकावं लागलं. "नेमके तेव्हाच काही झालं तर? मी जेवायलासुद्धा हॉल सोडत नाही."

"ते खरंय. पण तुमचं ऐकू कुणाला जाणार?"

"त्याची सोय करता येते. मला हातात धरायचा कर्णा द्या. मेगाफोन."

"घंटा आहे की आपली."

"घंटा फक्त उठा म्हणते, साहेब. कुठून जा ते सांगत नाही."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "ठीक आहे. तुम्हीच निवडून आणा. पण पुढच्या सरावाला मी शेवटच्या ओळीत उभा राहणार. मला शब्द कळला नाही, तर पट्टा मास्तरांकडे. चालेल?"

"चालेल," ती म्हणाली. तिला ही अट आवडली. दया दाखवण्यापेक्षा ती बरी होती.

सुट्टीच्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन स्पीकरच्या दुकानात गेली. नवरा बस चालवायचा. आयुष्यभर हॉर्न वाजवल्यामुळे या विषयात आपल्याला गती आहे असं त्याला वाटे. दुकानदाराने सगळ्यात मोठा कर्णा काढला. त्यात सायरन होता, गाणी वाजायची, दिवा लागायचा. दुकानदाराने सायरनचं बटण दाबलं आणि सगळ्यांच्या कानठळ्या बसल्या. समोरच्या दुकानातला शिंपी हातात कात्री घेऊन बाहेर आला. "हाच घे!" नवरा खूश होऊन म्हणाला. पण भोंगाताई त्यात बोलली तेव्हा नुसता फस्स असा आवाज आला, सायकलच्या टायरमधून हवा गेल्यासारखा. शिवाय तो धरून हात भरून आला.

मग तिने एक छोटा, हलका, चकचकीत कर्णा उचलला. दुकानातल्या शांततेत तिचं बोलणं छान ऐकू आलं. हलका आहे, हातात बसतो, झालं. दुकानदार भला होता. वापरून बघा, नाही पटला तर बदलून देतो म्हणाला.

हॉलमध्ये मशिनं चालू असताना तिने तो तोंडाशी धरला आणि पहिल्या ओळीतल्या बायकांनीसुद्धा मान वर केली नाही. जिन्यात जाऊन बोलली तर शब्दांचा नुसता काला झाला. खालच्या मजल्यावर उभ्या केलेल्या मास्तरांनी वर येऊन खरं ते सांगितलं, "ताई, कुणीतरी डबा खरवडतंय एवढंच कळलं." ती जिन्याच्या पायरीवर बसली. चूक तिचीच होती. दुकानात बसून दुकानापुरती वस्तू निवडली होती.

घरी नवरा हळूच म्हणाला, "देऊन टाक ना पट्टा. कुणी काही म्हणणार नाही तुला."

"एक जण म्हणेल."

"कोण?"

"मीच," ती म्हणाली, आणि भाकरी-भाजीचं ताट तसंच सरकवून विचार करत बसली.

विचार करता करता तिच्या लक्षात आलं, की आपण कर्णा केवढा ते बघत होतो, आणि अडचण होती आपल्या तोंडापाशी. आवाज आतच पोचत नसेल तर बाहेर काय येणार? दुसऱ्या वेळी नवऱ्याला घेऊन दुकानात गेली तेव्हा तिने दुकानदाराला सरळ विचारलं, "माईक ओठांना लावता येईल असा आहे का?"

तसा होता. कर्णा पट्ट्याने खांद्याला अडकवायचा आणि वेटोळ्या वायरचा छोटा माईक हातात घ्यायचा. तिने तो ओठांपाशी नेला आणि कुजबुजली. खरखर होतीच, पण शब्द स्वच्छ बाहेर पडले. एकदा माईक चुकून कर्ण्याच्या तोंडासमोर गेला तेव्हा त्याने अशी किंकाळी फोडली, की दुकानदाराने कान झाकले. माईक मागेच ठेवायचा, हे तिने तिथेच हाताला शिकवलं. मग तिने दुकानाचं दार उघडून बंद करून पाहिलं. एक हात माईकला, एक दाराला, जमत होतं. "चार्जिंगवालाही आहे," दुकानदार म्हणाला. "नको. चार्जिंग करायचं कुणीतरी विसरतंच. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात तेच सेल यात चालतात ना?" चालत होते.

"आता तुम्ही रस्त्याच्या टोकाला जा," तिने नवऱ्याला फर्मावलं. तो गेला, गाड्यांच्या गोंगाटात उभा राहिला. परत आल्यावर तिने विचारलं, "काय म्हणाले मी?"

"घरी जाताना पीठ आणा."

"आमच्याकडचं संपलं नाहीये अजून," शिंपी दारातून ओरडला, "हवं तर घेऊन जा!"

कर्णा मिळाला, पण काम संपलं नव्हतं. जिन्यात लांब वाक्य बोललं की शब्द एकमेकांच्या अंगावर पडत. तिने नणंदेला मागच्या खोलीत बसवलं, नळ सोडून ठेवला आणि पुढच्या दारातून बोलू लागली. नणंदेला तसंही कमी ऐकू यायचं, त्यामुळे परीक्षक म्हणून ती फारच कडक होती. "ते 'कृपया' कशाला मध्ये घालतेस?" ती म्हणाली. "'कृपया' कळेपर्यंत पुढचं निघून जातं." कृपया गेलं. 'सर्वांनी' गेलं. सोलून सोलून शेवटी एवढंच राहिलं: थांबा. मागचा जिना. चालत.

सरावाच्या दिवशी साहेब कबूल केल्याप्रमाणे शेवटच्या ओळीत उभे होते. घंटा झाली, भोंगाताई बोलली आणि हॉल मागच्या जिन्याकडे वळला. साहेबांनी पट्टा स्वतःच्या हाताने तिच्या दंडावर बांधला. "पण इस्त्रीच्या कोपऱ्यात जरा घुमतंय," ते म्हणाले. ते खरं होतं. तेव्हापासून ती दुसऱ्यांदा बोलताना कर्ण्याचं तोंड तिकडे वळवू लागली.

खरी वेळ आली ती काही आठवड्यांनी, भर दुपारी. पुढच्या जिन्यालगतच्या वीजबोर्डातून ठिणग्या उडाल्या आणि शेजारी रचलेल्या गणवेशांच्या गठ्ठ्यांनी पेट घेतला. दिवे गेले, मशिनं एकदम गप्प झाली. घंटाही वाजली नाही, कारण तीही त्याच बोर्डावर होती. त्या अचानक पडलेल्या शांततेत कुणीतरी किंचाळलं आणि सगळ्या बायका उठून सवयीने पुढच्या जिन्याकडे, म्हणजे थेट धुराकडे निघाल्या. मास्तर खाली गोदामात होते.

भोंगाताईने खुंटीवरचा कर्णा खांद्यावर घेतला. माईक ओठांपाशी आपोआप गेला.

"थांबा."

पुढच्या बायका थबकल्या.

"मागचा जिना. चालत."

गर्दी वळली. तिने कर्ण्याचं तोंड इस्त्रीच्या कोपऱ्याकडे करून पुन्हा तेच सांगितलं. तिकडच्या बायका पदर नाकाला लावून बाहेर आल्या. कुणी ढकलत होतं, कुणी रडत होतं, पण पाय योग्य दिशेने पडत होते. ती मागच्या जिन्याच्या उघड्या दाराला पाठ टेकून उभी राहिली आणि तेच ते शब्द बोलत राहिली. मध्ये तिला ठसका लागला, तर तोसुद्धा सगळ्या हॉलभर घुमला.

बायका संपल्या असं वाटलं तेव्हा तिला एका मशिनखाली साडीचा काठ दिसला. काज करणारी नवी बाई गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. धूर खाली उतरत होता.

"मशिनखालची, ऐक," भोंगाताई म्हणाली. "रांगत ये. माझ्या आवाजाकडे ये. मी दारात आहे."

बाई हलली नाही.

"मी जात नाहीये. तू येईपर्यंत बोलत राहणार. ये. डावीकडे टेबल आहे, त्याच्या कडेने ये. मी दारात आहे. ये."

बाई रांगू लागली. डोळे घट्ट मिटलेले, पण तोंड आवाजाकडे. भोंगाताईने हात लांब करून तिचा दंड पकडला, दार ओढून घेतलं, आणि दोघी जिना उतरल्या.

खाली मास्तरांनी सगळ्यांची मोजदाद केली होती, फक्त या दोघींचीच वाट पाहत होते. बंब आला, आग विझली. माल जळाला, पुढचा जिना काळाठिक्कर पडला. माणूस मात्र एकही आत राहिलं नाही. साहेबांनी पाण्याची बाटली उघडून तिच्या हातात दिली.

त्यानंतर तिचा उरलासुरला आवाजही बसला. डॉक्टरांनी चांगलं फैलावर घेतलं. घरी तिने पाटीवर लिहून कारभार चालवला, आणि नवरा म्हणाला, संसारात पहिल्यांदाच माझं वाक्य पुरं होतंय. पण तेवढ्या दिवसांत एक गोष्ट तिच्या मनात पक्की बसली. एका बाईच्या घशावर सगळ्यांचा जीव ठेवणं बरोबर नाही.

ती कामावर आली तीच साहेबांकडे गेली. दुसरा कर्णा मागितला, खालच्या मजल्यासाठी. आणि दर आठवड्याला एकीने बोलायचं, आळीपाळीने, कुणालाही सूट नाही. साहेब हो म्हणाले.

पहिली पाळी काज करणारीची आली. मागच्या जिन्याच्या दारात उभं राहून तिने माईक असा धरला जणू तो चावेल. "थांबा," ती म्हणाली, आणि आवाज तिच्या पायांपाशीच पडला.

भोंगाताई जिन्यात, खालच्या वळणावर जाऊन उभी होती. तिने मान हलवली. ऐकू आलं नाही.

"थांबा. मागचा..."

पुन्हा मान हलली. बायका हसू दाबून बघत होत्या. काज करणारीने ओठ घट्ट मिटले, श्वास घेतला, माईक आणखी जवळ ओढला.

"थांबा! मागचा जिना! चालत!"

खाली भोंगाताईने हात वर केला, आणि लगेच दुसऱ्या हाताने खूण केली: पुन्हा एकदा.