सोयराच्या घरची पेज

डॉक्टर डिचोलीचे होते आणि कमी बोलायचे. मुलीचा मुदतीचा ताप उतरल्यावर त्यांनी तिचं पोट बोटांनी चाचपलं आणि मला म्हणाले, "आतडी अजून कच्ची आहेत. तुपाचं, तळलेलं काही नको. आणि कोंबू नका. पोट मागेल तेव्हा द्या, पुरे म्हणेल तिथे थांबा." मग चष्मा पुसत म्हणाले, "पण उद्या-परवात मागितलंच नाही, तर परवा संध्याकाळपर्यंत घेऊन या. सलाइन लावावं लागेल."

हा सल्ला वर्षातल्या कुठल्याही दिवशी पाळता आला असता. मला तो चवथीच्या आदल्या दिवशी मिळाला.

चवथीला सासरी न जाणं आमच्याकडे फक्त मेलेल्यांना माफ असतं. नवरा मुरगाव बंदरात नोकरीला, तिथे जहाज लागलं की सणवार कळत नाही, तेव्हा तो सुटला. मी मुलीला शालीत गुंडाळून पेडण्यातल्या पार्सेच्या घरी आणलं.

त्या वर्षी गोवा राज्य झालं होतं. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, मखरामागे थर्माकोलचा नवा नकाशा लावला होता. त्यात पेडणे तालुका जवळजवळ अर्ध्या राज्याएवढा होता. दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाशी ते राजभाषेवर वाद घालत, मराठीची बाजू कोकणीतून मांडत. एरवी मी हे सगळं नवऱ्याला सांगायला मनात साठवून ठेवलं असतं. त्या दिवशी माझं लक्ष फक्त मुलीच्या मनगटाकडे होतं. तापाआधी घट्ट बसणारी बांगडी कोपरापर्यंत सरकत होती.

ती काहीच मागत नव्हती. येणारी प्रत्येक बाई मात्र नेवरी, म्हणजे तळलेली करंजी, घेऊन तिच्या चटईपाशी बसायची.

"खा गो बाय. देवाचो प्रसाद. एक घास."

ती भिंतीकडे तोंड करायची. ताट नाकारणं म्हणजे त्या घराचा अपमान, म्हणून प्रत्येक नेवरी मी खाल्ली. भुकेशिवाय कसं खातात याचं प्रात्यक्षिकच होतं ते. दुपारी कोणीतरी माझी नजर चुकवून तिच्या तोंडात तुकडा सारला. तिचा गाल फुगलेला दिसला तसं मी बोट घालून तो बाहेर काढला.

"प्रसाद तोंडातसून काडलो," आबा दारातून म्हणाले. "शिकलेल्यो सुनो."

मी देवाला भीत नाही, असं कॉलेजात असल्यापासून सांगत आले होते. संध्याकाळच्या आरतीला मी सर्वांच्या मागे उभी राहून, कोणी बघत नाहीसं पाहून, डोकं जमिनीला टेकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीही तिने काही मागितलं नाही. ओठ सुकले होते. डिचोलीच्या वाटेला नेणारी शेवटची बस संध्याकाळी सुटायची. मी तिला मांडीवर घेऊन मागच्या पडवीत बसले. आत वड्यांसाठी नारळ किसला जात होता, आणि त्या वासाने ती डोळे मिटून घेत होती.

शेजारच्या घरी गणपती नव्हता. त्यांची लेक चवथीच्या तोंडावर बाळंत झाली होती. सोयर, म्हणजे जन्माचा विटाळ, आल्यामुळे देव बसवला नव्हता आणि चूल रोजच्यासारखी चालली होती. आमचा गणपती पाच दिवसांचा, तोवर नुस्त्याचं, म्हणजे मासळीचं, नावही घरात काढायचं नाही. दहाच्या सुमाराला, पेजेच्या वेळेला, कुंपणापलीकडून निखाऱ्यावर भाजल्या जाणाऱ्या खाऱ्या बांगड्याचा वास आला.

मुलीने मान उचलली.

"आई, बांगडो."

"काय गं?"

"माका भूक लागली. पेज जाय. बांगडो जाय."

मी धावत आत गेले. जावेने विळी बाजूला सारून पेज करायला ठेवली. चांगली मऊ पेज, वर मीठ. मुलीने एक घोट घेतला आणि वाटी ढकलली.

"ही न्हय. ती." तिने कुंपणाकडे बोट केलं.

जाऊ माझ्याकडे बघत राहिली. मी काय विचार करते आहे ते तिला माझ्याआधी कळलं.

"सोयराच्या घरचा खाऊन हांगा भितर येतलंस? देव बसलाहा गो घरात!" मग आवाज खाली आणून म्हणाली, "उद्या चल्येक कायय जाला, तर माका सांगू नाका."

तिने हे चिडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती घाबरून म्हणाली होती, आणि ती भीती मला लागली. ताप उलटला तर सगळे हेच कारण सांगतील, आणि ते मी ऐकून सोडून देईन असं मला वाटेना. मीही तेच खरं मानीन, असं वाटलं.

तरी मी तिला उचललं. वजनच नव्हतं तिला.

शेजारणीने आम्हाला बघून दारातच हात आडवा केला. "वयनी, सोयर हा आमका. भायरच राव. तुमच्या देवाचो राग म्हज्या नातवार नाका गो बाय."

"माका भूक लागली," मुलगी म्हणाली.

शेजारीण तिच्या मनगटाकडे बघत राहिली. मग आत गेली. उकड्या तांदळांच्या पेजेची वाटी, कुलेर म्हणजे चमचा, आणि पानावर काटे काढलेला बांगड्याचा तुकडा तिने पायरीवर ठेवला आणि आमचा स्पर्श होऊ नये म्हणून मागे सरली. आत तान्हं रडत होतं.

मुलीने कुलेर स्वतःच्या हातात घेतली. नखाएवढा बांगडा जिभेवर ठेवायचा, वर पेजेचा घोट. घोट गळ्याखाली उतरताना दिसायचा. वाटी अर्धी झाली तशी तिने कुलेर खाली ठेवली.

"पुरे."

"आणिक दी गो," शेजारीण आतून ओरडली, "हाडां दिसतत चेडवाची!"

कुलेर कधी माझ्या हातात आली कळलं नाही. ती भरलेली होती. आता थांबली आणि परत मागितलंच नाही तर? एकच घास, आईसाठी, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. तिने ओठ घट्ट मिटले आणि माझ्याकडे पाहिलं. आदल्या दिवशी नेवरी घेऊन बसलेल्या बायकांकडे ती तशीच बघत होती.

मी कुलेर वाटीत ठेवली.

परतलो तेव्हा आबा उंबऱ्यावर होते. "भितर येव नाका," एवढंच म्हणाले. जावेने लांबूनच चटई टाकली. मागच्या पडवीत आम्ही दुपार काढली. मुलगी झोपली. मी तिच्या कपाळावर हात ठेवायची, मग पोटावर, मग पुन्हा कपाळावर. हात माझाच इतका गार पडला होता की तिला ताप आहे की नाही ते समजत नव्हतं. एकदा ती झोपेत कण्हली आणि मी आतल्या देवाची मनातल्या मनात माफी मागितली. पुढच्याच क्षणी स्वतःचा रागही आला, पण मागितलेली माफी परत घ्यायचं धाडस झालं नाही.

बस वळणावर आली तेव्हा हॉर्न ऐकू आला. मी पिशवी खांद्याला अडकवून, तिला उचलायला वाकले.

तिने डोळे उघडले. "खंय वता?"

"डॉक्टरकडे."

तिने जरा विचार केला. "पेज खाऊन वचूया."

बसचा दुसरा हॉर्न वाजला. मग बस निघून गेल्याचा आवाज आला. मी कुंपणापाशी जाऊन शेजारणीला हाक मारली.